एक तार, तीन कान

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी विद्यार्थिनी गिटार घेऊन मंचावर बसते. समोर दोन-तीनशे मुले. पहिल्या तीन रांगांच्या पलीकडे गिटार ऐकूच जात नाही. मग स्पीकरवाला माइक गिटारीच्या भोकाजवळ सरकवतो आणि आवाज वाढवत नेतो. थोडा वाढतो, आणखी थोडा वाढतो, आणि एकाएकी सारे सभागृह मोठ्या घूंऽऽ आवाजाने भरून जाते. मुले कानांवर हात ठेवतात आणि स्पीकरवाला घाईघाईने आवाज कमी करतो. असा प्रसंग बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो.

लाकडी पेटीच्या साध्या गिटारीची ही अडचण फार जुनी आहे. ती सोडवण्याच्या प्रयत्नातून आधी इलेक्ट्रिक गिटार जन्मली आणि पुढे दोन्हींचा संकर असलेल्या गिटारी तयार झाल्या. पेटीचा भरदार, मोकळा आवाज आणि इलेक्ट्रिक गिटारीचा लांबणारा, हवा तितका मोठा करता येणारा आवाज, असे दोन्ही एकाच वाद्यातून मिळतात, असे या गिटारींच्या जाहिराती सांगतात. यात तथ्य किती? हे तपासायला संगीताचे खास ज्ञान लागत नाही. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र बरेच पुरते. चला, तपासून पाहू.

तारेजवळची शिल्लक

सुरुवात एका छोट्या हिशेबाने करू. गिटारीची तार सुमारे ६५ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातला ताण ७० न्यूटन धरू, म्हणजे साधारण सात किलोचे वजन टांगल्यावर येईल तेवढा. समजा, एका टोकापासून १६ सेंटिमीटरवर बोटाने धरून आपण ती ३ मिलिमीटर बाजूला ओढली. तारेचा आता एक बसका त्रिकोण झाला. पायथागोरसच्या प्रमेयाने पाहिले तर तारेची लांबी सुमारे ०.०३७ मिलिमीटरने वाढली. इतक्या थोड्या वाढीत ताण फारसा बदलत नाही असे धरले, तर ताण गुणिले वाढलेली लांबी, म्हणजे सुमारे २.६ मिलिज्यूल ऊर्जा तारेत साठली. एक ग्रॅमचा खडू-तुकडा पाव मीटर वर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते.

बोट सोडले की वादकाचे काम संपले. यापुढे जो काही आवाज निघेल तो या अडीच मिलिज्यूलमधून. ही शिल्लक झटपट खर्च करायची की पुरवून पुरवून, एवढाच प्रश्न उरतो.

तार स्वतः ही ऊर्जा हवेला देऊ शकत नाही. ती अगदी बारीक असते. ती पुढे सरकली की पुढची हवा दाबली जाण्याऐवजी तारेला वळसा घालून मागे जाते. सुईने पाणी ढवळावे तसा हा प्रकार. म्हणून तार एका घोडीवरून नेतात आणि घोडी एका पातळ फळीवर बसवतात. तंबोऱ्यात या फळीला तबली म्हणतात, तोच शब्द आपण इथे वापरू. गिटारीची तबली बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. घोडी थरथरली की ही रुंद तबली थरथरते आणि पुष्कळ हवा एकदम ढकलते. शिवाय पेटीतल्या हवेचाही अनुनाद होतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा एक ठरावीक स्वर निघतो, तसा मोठ्या गिटारीच्या पेटीतल्या हवेचा स्वर सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास असतो. तबली आणि हवा मिळून काही वारंवारतांना झुकते माप देतात, काहींना मागे ठेवतात. आपण ज्याला पेटीचा आवाज म्हणतो तो ही आवडनिवड असतो. मिरजेच्या कारागिराने तयार केलेला भोपळा आणि तबली तंबोऱ्यासाठी करतात तेच हे काम.

'पेटी आवाज वाढवते' असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण पेटी पदरची ऊर्जा घालत नाही. ती तारेची शिल्लक लवकर खर्च करते, म्हणून आवाज मोठा येतो. वर्गात हे नादकाट्याने दाखवता येईल. नादकाटा वाजवून हातात धरा: आवाज बारीक, पण बराच वेळ टिकणारा. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा: आवाज मोठा, पण लवकर विरणारा. टेबलाने जादू केली नाही, फक्त पैसे सढळ हाताने खर्चले.

यातून पहिला नियम मिळतो. विजेची मदत नसेल, तर आवाज मोठा आणि लांबणारा असा दोन्ही मिळणार नाही.

दुसरा नियम सभागृहातल्या घुमण्याचा. जी तबली हवेला सहज हलवते, तिला हवाही तितक्याच सहज हलवते. चांगला बोलका हा इथे चांगला श्रोताही असतो. स्पीकरमधून आलेला आवाज तबलीला थरथरवतो, माइक ती थरथर उचलतो, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. या फेरीत आवाज प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाढून परतू लागला की घुमणे सुरू होते. म्हणजे पेटी जितकी बोलकी, तितका हा धोका अधिक.

पहिला कान: चुंबकाचा

१९३० च्या सुमारास अमेरिकेत नाचाच्या कार्यक्रमांतले वाद्यवृंद मोठे होत चालले होते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार हरवून जाई. जॉर्ज बोशॉम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी यावर उपाय काढला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची एक गिटार त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणली. तिच्या आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, हे नाव पडले. तिच्या पेटंटवर १९३७ मध्ये शिक्कामोर्तब झाले.

या गिटारीत पेटीचे काहीच काम नव्हते. पोलादी तारांजवळ चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले होते. पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने स्वतःही किंचित चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. सायकलच्या डायनॅमोचेच हे नाजूक भावंड. गिटारवादक याला पिकअप म्हणतात. आजच्या पिकअपमध्ये केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात.

हा कान काय ऐकतो ते नीट पाहायला हवे. एक, तो हवा ऐकतच नाही, फक्त पोलादी तार ऐकतो. नायलॉनच्या तारांपुढे तो बहिरा असतो. दोन, तार किती दूर गेली यापेक्षा ती किती वेगाने हलते आहे हे तो मोजतो. तीन, तो तारेच्या एकाच छोट्या भागाकडे पाहतो. छेडलेल्या तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही असतात. प्रत्येक उपस्वराचे काही बिंदू स्थिर राहतात. ११० हर्ट्झच्या मोकळ्या तारेखाली, घोडीपासून एक चतुर्थांश लांबीवर पिकअप असेल, तर ४४० हर्ट्झचा चौथा उपस्वर नेमका तिथेच स्थिर असतो आणि पिकअपला तो ऐकूच येत नाही. आता पाचव्या पडद्यावर बोट दाबा. तारेची लांबी पाऊणपट होते, पिकअप उरलेल्या तारेच्या एक तृतीयांशावर येतो आणि आता तिसरा उपस्वर गळतो. चार, वेटोळे आणि जोडवायर मिळून जो विद्युत परिपथ होतो, तो काही हजार हर्ट्झच्या वरचे स्वर मंद करतो. इलेक्ट्रिक गिटारीचा गोल, गुळगुळीत आवाज बराचसा या गळतीतून येतो.

मग हाच पिकअप पोकळ पेटीच्या गिटारीवर बसवला तर? तसेही झाले. गिब्सन कंपनीची १९३६ ची ईएस-१५० ही गिटार पोकळ होती आणि चार्ली ख्रिश्चनच्या हाती तिने जॅझमध्ये गिटारीला एकलवादनाचा मान मिळवून दिला. पण आवाज फार वाढवला की दुसरा नियम आडवा येई. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने सरळ दहा सेंटिमीटर जाडीचा चौकोनी लाकडी ठोकळा घेतला आणि त्यावर तारा व पिकअप बसवले. ते गिटारीसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारीचे कापलेले अर्धे भाग चिकटवले. आवाजाशी त्या भागांचा संबंध नव्हता. ठोकळा तारेची ऊर्जा फारशी घेत नाही, म्हणून स्वर लांबतो. तो हवेने हलतही नाही, म्हणून घुमत नाही. पुढे १९५० पासून फेंडर कंपनीने भरीव गिटारी कारखान्यात बनवायला घेतल्या. एक प्रश्न सुटला, पण पेटीची आवडनिवड मात्र गेली.

दुसरा कान: स्फटिकाचा

१८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांना आढळले, की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार दिसू लागतो. हा पीझोविद्युत परिणाम. गॅसच्या लायटरमधली ठिणगी याच गुणाची. अशा पदार्थाची पट्टी घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली ठेवली, तर तार घोडीवर जो कमीजास्त दाब देते त्याचे थेट विजेत रूपांतर होते.

हा कान तारेच्या मधल्या भागाकडे पाहत नाही. तो तारेच्या टोकाशी बसून बल मोजतो. टोकाशी सगळेच उपस्वर बल लावतात, त्यामुळे जागेमुळे होणारी गळती इथे नाही. नायलॉनच्या ताराही त्याला ऐकू येतात. आवाज लख्ख येतो, पण जरा जास्तच लख्ख. तार छेडतानाचा पहिला झटका फार टोकदार येतो आणि पेटीची ऊब कमी पडते, कारण ती बरीचशी तबली आणि हवा यांच्यातल्या व्यवहारात असते आणि हा कान त्या व्यवहाराच्या अलीकडे बसलेला असतो.

याची एक विद्युत अडचणही आहे. पीझो पट्टी म्हणजे एक छोटे धारित्र. ते एक नॅनोफॅरड धरू. हे १० किलोओहम रोधाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, तर १/(२πRC) या सूत्राने मर्यादा येते सुमारे १६,००० हर्ट्झ. तिच्याखालचे स्वर, म्हणजे जवळजवळ सगळी गिटार, दुबळे होतात. रोध १० मेगाओहम केला की मर्यादा १६ हर्ट्झवर उतरते आणि गिटारीचा सर्वांत खालचा ८२ हर्ट्झचा स्वरही शाबूत राहतो. म्हणून अशा गिटारीच्या पोटात बॅटरीवर चालणारा, मोठ्या रोधाचा एक छोटा परिपथ बसवलेला असतो. बॅटरी आवाज मोठा करण्यासाठी असते असा अनेकांचा समज असतो, पण तिचे पहिले काम हे आहे.

तिसरा कान तबलीवरच बसवतात. तबलीला आतून चिकटवलेला संवेदक किंवा पेटीतला छोटा माइक पेटीची थरथर ऐकतो. वादकाने लाकडावर मारलेली थापही त्यालाच कळते. पेटीच्या आवाजाच्या सर्वांत जवळचा कान हाच, आणि घुमण्याला सर्वांत आधी बळी पडणाराही हाच.

चार संकर

आता बाजारात आलेल्या गिटारी या तीन कानांच्या आणि दोन नियमांच्या मापाने तोलून पाहू.

पहिली, १९५४ ची गिब्सन जे-१६०ई. साधी पोकळ गिटार, पण पडद्यांच्या टोकाशी चुंबकीय पिकअप. घुमणे आवरावे म्हणून तबली प्लायवूडची केली आणि आतून आडव्या पट्ट्यांनी जखडली. १९६२ पासून ती बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती होती. पण जखडलेली तबली कमी बोलते. वायर न लावता वाजवली तर ही गिटार आपल्या इतर बहिणींपेक्षा दबलेली वाटते. आणि घुमणे पुरते गेले नाहीच. १९६४ च्या बीटल्सच्या 'आय फील फाइन' या गाण्याच्या आरंभी लेननच्या गिटारीचे असेच घुमणे मुद्दाम ठेवलेले आहे.

दुसरी, ओव्हेशन. चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टर बनवणारे अभियंता. पंख्याची कंपने काबूत ठेवणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. त्यांच्या कंपनीने १९६६ मध्ये काचतंतूंच्या मिश्रपदार्थाची गोल पाठ असलेली गिटार आणली आणि लवकरच घोडीखाली पीझो संवेदक बसवले. पेटी शिल्लक ठेवून तारेचे टोक ऐकायचे, हा आजच्या बहुतेक 'इलेक्ट्रो-अकूस्टिक' गिटारींचा मार्ग इथून रूढ झाला. पेटी बोलकी असल्याने घुमण्याचा धोका उरतोच, पण माइकपेक्षा बराच कमी.

तिसरी, १९९३ ची पार्कर फ्लाय. केन पार्कर यांनी हलके लाकूड घेऊन त्यावर कार्बन आणि काचतंतूंचे पातळ कवच चढवले. वजन अवघे सव्वादोन किलोच्या आसपास. तिच्यात चुंबकीय पिकअप आहेत आणि लॅरी फिशमन यांचा पीझो संवेदक घोडीतच आहे. वादक एक, दुसरा किंवा दोन्ही कान निवडू शकतो. अंग भरीव, म्हणून स्वर लांबतो आणि घुमणे अगदी कमी. मात्र तिच्या पीझोतून येणारा आवाज हा पेटीवाचूनचा पीझो आहे. ज्या पेटीची आठवण तो करून देतो, ती पेटी तिथे नाही.

चौथ्या गटात दोन घेऊ. २००५ ची टेलर टी-५ पातळ आणि पोकळ आहे. तिच्यात पडद्यांच्या टोकाखाली लपवलेला एक चुंबकीय पिकअप, घोडीजवळ दुसरा आणि तबलीवर एक संवेदक आहे. २०१९ ची फेंडर अकूस्टासॉनिक टेलिकास्टर ही पोकळ केलेल्या महोगनीवर स्प्रूसची तबली बसवून तयार होते. तिच्यात चुंबकीय पिकअप, घोडीखालचा पीझो आणि पेटीचा संवेदक असे तिन्ही कान आहेत. शिवाय फिशमन कंपनीच्या साहाय्याने केलेला अंकीय परिपथ आहे. तो वेगवेगळ्या मोठ्या गिटारींच्या पेट्यांची आवडनिवड गणिताने आवाजावर चढवतो. पातळ पेटी ही मधली वाट आहे: थोडे बोलते, थोडे घुमते, स्वर थोडा लांबतो.

मिसळण्यातली मेख

दोन कानांचे आवाज मिसळणे म्हणजे चहात दूध घालणे नव्हे. पिकअप तारेचा वेग मोजतो. पीझो तारेच्या टोकाचा उतार, म्हणजे तिथले बल मोजतो. दोलकात जसे टोकाला विस्थापन सर्वांत जास्त आणि वेग शून्य असतो, तसेच तारेतही. त्यामुळे कोणत्याही एका उपस्वरासाठी या दोन खुणा पाव आवर्तनाने पुढेमागे असतात. पुढे दोघांच्या परिपथांमुळे हा फरक वारंवारतेनुसार आणखी कमीजास्त होतो. एखाद्या पट्ट्यात तो अर्ध्या आवर्तनाजवळ गेला की एक आवाज दुसऱ्याला खोडतो आणि दोन कान मिळून एकापेक्षा कमी ऐकतात. म्हणूनच काही यंत्रणांमध्ये एका आवाजाची दिशा उलटवणारे बटण दिलेले असते.

अंकीय परिपथाबद्दल आणखी एक मुद्दा. पेटीची आवडनिवड मोजून ती दुसऱ्या आवाजावर चढवणे शक्य आहे आणि ते ऐकायला बरेच पटते. पण खऱ्या गिटारीत तार आणि पेटी यांच्यात देवघेव असते. पेटी काही स्वर हावरेपणाने ओढून घेते, म्हणून ते तारेवरूनही लवकर संपतात. वादकाच्या बोटांना हे जाणवते आणि तो त्याप्रमाणे छेडणे बदलतो. परिपथ मात्र तारेकडून फक्त घेतो, तिला परत काही देत नाही. तो मोठ्या पेटीचा रंग देऊ शकतो, पण त्याच्याखाली तार विरते ती हातातल्या पातळ पेटीच्याच तालावर.

तेव्हा जाहिरातीचा दावा असा दुरुस्त करता येईल. संकरित गिटार दोन वाद्ये एकत्र करत नाही. ती एकच तार दोन-तीन ठिकाणांहून ऐकते. पेटीचा आवाज जितका खरा हवा, तितका स्वराचा लांबपणा आणि घुमण्यापासूनची सुरक्षितता सोडावी लागते. कंपन्यांमधला फरक त्यांनी ही रेषा कुठे आखली एवढाच आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. वाजता नादकाटा हवेत, लाकडी टेबलावर, स्पंजावर आणि दगडी फरशीवर धरून आवाज किती सेकंद ऐकू येतो ते मोजा. प्रत्येक वेळी सारख्याच जोराने वाजवायचा कसा, यावर मुलांना विचार करू द्या.

२. गाणे वाजवणाऱ्या जुन्या शुभेच्छापत्रात किंवा बझरमध्ये पितळी पीझो चकती मिळते. तिला दोन वायरी जोडून त्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला लावा. विजेच्या मुख्य जोडणीचे उपकरण यासाठी उघडू नका. चकती चिकटपट्टीने डब्याच्या झाकणावर, बाकावर, खिडकीच्या गजावर लावून तीच टिचकी ऐका. आम्ही हे करून पाहिले तेव्हा डब्याच्या झाकणाच्या मधोमध आणि कडेला लावलेल्या एकाच चकतीचे आवाज दोन वेगळ्या डब्यांचे वाटले. मग चकती लावलेला डबा हळूहळू स्पीकरजवळ नेला की घुमणेही ऐकता येते. आवाज आधीच कमी ठेवावा.

३. जुन्या रिलेचे वेटोळे आणि एक छोटा चुंबक याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून त्यापुढे ताणलेली पोलादी तार आणि मासे पकडायचा नायलॉनचा दोरा आळीपाळीने छेडा. कोणाचा आवाज येतो, कोणाचा नाही, आणि का?

एखादा विद्यार्थी गिटार घ्यायला निघाला असेल तर त्याला एवढे सांगावे. दुकानात आधी वायर न लावता वाजवून बघ. मोकळी तार छेडून ती किती सेकंद टिकते ते घड्याळात मोज. तबलीवर बोटाने हलकेच ठोकून ऐक. मग वायर लाव, प्रत्येक कान वेगळा ऐक आणि शेवटी मिसळून ऐक. मिसळल्यावर खालचे स्वर पातळ झाले तर कारण विचार. पैसे तीन कानांसाठी मागितले जात असतील, तर तिन्ही स्वतंत्रपणे ऐकून घेण्याचा त्याला हक्क आहे.